बांधापलीकडची ओल

आक्का, काष्टीत सगळे म्हणतात, नागिणीनं कौसाबाईभोवतीचा, म्हणजे तुझ्याभोवतीचा, वेढा पुरा केला. दहाव्याला नदीवर आलेल्या बाया हेच बोलत होत्या आणि मी जवळ गेले की गप्प होत होत्या. मास्तरीणबाईंना राग येतो, हे त्यांना ठाऊक आहे. राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसतं रडू येत होतं आणि रडणाऱ्या बाईचं म्हणणं कुणी ऐकत नाही.

भिंगारला परत आले तर कॅनडाहून केतकीचा फोन. तिच्या बापानं तिला काहीतरी अर्धवट सांगितलेलं. "आजी, मावशीआजीला साप चावला का? बाबा म्हणाले, नागीण. तो फीमेल स्नेक ना? तो पोटाभोवती राउंड मारतो?" मागून रोहन विचारत होता, "पण मग तिनं तो काढून का नाही टाकला?" शाळेत असते तर फळ्यावर आकृती काढली असती. फोनवर मला एक वाक्य धड जुळवता आलं नाही. जन्मभर मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवलं आणि नातवंडांना माझ्या बहिणीचं मरण सांगता येईना.

म्हणून लिहायला बसले. पण त्यांना उद्देशून लिहायला गेले की शब्द पुस्तकातले येतात. तुझ्याशी बोलताना येत नाहीत. तेव्हा मी तुलाच सांगते. ती दोघं ऐकतील.

नागीण म्हणजे काय ते तुला सांगायला नको, त्यांना सांगायला हवं. अंगाच्या एका बाजूला पाण्यानं भरलेले बारीक फोड उठतात. पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीवरून पुढे वळत येतात आणि भाजल्यासारखी आग होते. तो पट्टा वळत येतो म्हणून त्याला नागीण म्हणतात. आपल्याला आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं, की तिचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भेटली की माणूस संपला. तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत हे जसं सांगतात, तसंच सांगितलेलं. मी इंग्रजी शाळेत गेले आणि ते विसरले. तू गेली नाहीस आणि विसरली नाहीस, एवढाच आपल्यातला फरक.

दसऱ्याच्या सुमारास मंदाचा निरोप आला. तुझी सून उगाच निरोप पाठवणारी नव्हे. मी दौंडची एसटी धरून काष्टीला उतरले, तर तू ओट्यावर पाठमोरी बसलेली. उजव्या कुशीत फोडांचा पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गेरूचे लाल ठिपके.

"हे कुणी केलं?"

"शेजारच्या भिवराबाईचा भाऊ आल्ता. तोंड बांधून गेला. शेपटी बी."

"तोंड कुठलं नि शेपटी कुठली, हे त्याला कसं कळलं?"

"इचारलं म्या. म्हनला, जिकडं जास्त आग, तिकडं तोंड." आणि मग एवढ्या दुखण्यात तू हसलीस. "मंग माज्या नागिनीला दोन्हीकडनं तोंडच हाय म्हनायचं."

मी तुला नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे जंतू नसेच्या मुळाशी झोपून राहतात, म्हातारपणी अंगातली ताकद उतरली की जागे होतात. एकच नस, एकच बाजू. दुसऱ्या बाजूला जात नाही. तू त्यांच्यासमोर मान डोलावलीस. बाहेर येऊन मला म्हणालीस, "त्याला काय जातंय सांगाया. फिरून आली म्हंजी?"

घरी आल्यावर मी तुला तुझ्या वावरातलं सांगितलं. पाटाचं पाणी आपण दारं धरून एका बाजूच्या वाफ्यांत सोडतो. मधे बांध असतो. अलीकडचे वाफे भरून वाहिले तरी पलीकडचे कोरडे. पाठीचा कणा हा तसा बांध आहे. उजवीकडचं उजवीकडे, डावीकडचं डावीकडे.

तू बराच विचार केलास. "बांध हाय म्हन."

"हो, बांध आहे."

"सरकारी न्हवं ना? सरकारी आसंल तर फुटंल."

मंदा स्वयंपाकघरात हसली, मी हसले. त्या दिवशी तू अख्खी भाकरी खाल्लीस. त्या बांधावर तू निजलीस, उठलीस, दिवाळी केलीस. शेजारणी विचारायला आल्या की त्यांनाही सांगायचीस, "मधी बांध हाय. सुमी सांगून गेलीया." माझं शिक्षण तुझ्या कामाला आलं, असं मला जन्मात एकदाच वाटलं, ते त्या दिवसांत.

फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आग गेली नाही. त्या रोगात कधी कधी नसच भाजून निघते आणि मग वरची कातडी बरी झाली तरी आत विस्तव राहतो. तुला चोळी सोसेना. पदर घासला तरी तू ओठ दाबायचीस. वाऱ्याची झुळूक आली तरी अंग चोरून घ्यायचीस. मग तू पेटीतून दाजींचा जुना मलमलचा सदरा काढलास, शिवण टोचू नये म्हणून उलटा करून घातलास आणि त्यावर लुगडं. मी बघत राहिले तर म्हणालीस, "बघती काय? जित्तेपनी कदी आला न्हाई, आता आलाय त्यो माज्या आंगात." गार पाण्यानं भरलेला पितळी तांब्या सदऱ्यावरून उजव्या कुशीला लावून तू बसायचीस. तांब्या कोमट झाला की मंदा दुसरा भरून आणायची. मी हात पुढे केला की आधीच सांगायचीस, "हात काड, सुमे."

आता मुलांसाठी एक गोष्ट, जी तू सांगू नकोस म्हणाली होतीस. ती दोघं डिसेंबरात आली होती, तेव्हा तू त्यांना जवळ घेतलं नाहीस. दरवेळी टेम्पोतून उतरल्या उतरल्या ज्यांना छातीशी धरून गुदमरवायचीस, त्यांना या वेळी लांबून म्हणालीस, "या, बसा. मी शेकोटी हाय, लांबनं शेका." रोहन हसला, पण केतकी हसली नाही. तिनं केस कापले होते आणि तिला वाटलं, मावशीआजीला आवडले नाहीत. जाताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तुला म्हटलं होतं, सांगू दे मला त्यांना. तू म्हणालीस, "लांबची लेकरं हायेत. जाऊन येडंवाकडं सपान पडंल त्यांना." केतकी, बाळा, केसांचं काही नव्हतं. तुम्ही गेल्यावर मावशीआजी म्हणाली, "पोरीचं तोंड आता कसं दिसाया लागलंय, पयलं केसांतच जायचं." तुला मिठीत घ्यायला तिला कातडीच उरली नव्हती.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले. तू ओट्यावर उन्हात, आणि तांब्या डाव्या कुशीला.

"बाजू चुकली, आक्का."

"न्हाई चुकली."

मला आधी कळलंच नाही. मी उभीच होते, हातात डबा. तू डोळे मिटून म्हणालीस, "आता हिकडं बी. तितंच. समोरासमोर." आणि उजव्या हाताचं बोट उजव्या बरगडीवर अन् डाव्या हाताचं डाव्या बरगडीवर, अगदी आरशात दिसावं तसं ठेवून दाखवलंस, अंगाला न लावता.

मी सदरा वर करायला लावला. डावी कूस स्वच्छ होती. फोड नाही, पुरळ नाही, लाली नाही. "आक्का, इथं काहीही नाही. फोडच नाहीत, मग नागीण कुठून आली?"

"वर बांध हुता. आतनं गेली."

"तसं होत नाही."

"मंग ह्ये काय हुतंय मला?"

बांध ओलांडून फोड जात नाहीत, हे मी सांगितलं ते आजही खरं आहे. पण फोड जात नाहीत म्हणून आगही जात नाही, असं मी धरून चालले होते, तूही, आणि नगरचे डॉक्टरही. त्यांच्याकडे मी पुन्हा गेले तर ते म्हणाले, त्या बाजूची नस चांगली आहे, तिथं दुखायचं कारण नाही, या वयात मन घेतं. त्यांनी एक गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या माणसानं ती मंदाच्या हातात देताना विचारलं, "कुणाला देताय? ही डोक्याच्या आजारावरची आहे." मंदानं ते घरी येऊन सांगितलं आणि तू गोळी तोंडात घेतली नाहीस. "मी येडी न्हाई. मला दुकतंय."

मी किती वेळा सांगितलं, तीच गोळी नसेच्या दुखण्यावरही देतात. तू मंदाकडे बघायचीस आणि मंदा खाली बघायची. तिच्या जागी मी असते तर मीही खाली बघितलं असतं.

पुण्याला नसांचे एक डॉक्टर आहेत असं कळलं. तुला गाडीचे धक्के सोसण्यासारखे नव्हते, म्हणून मी एकटीच गेले. तुझं दुखणं मी त्यांना उभ्यानंच सांगितलं. खुर्चीत बसले तर रडेन असं वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, असं होतं. त्यांच्याकडे एक सुतार आला होता. त्याच्या एका हाताची नस कापली होती आणि काही महिन्यांनी दुसरा, धडधाकट हात नेमका त्याच जागी दुखायला लागला. त्यालाही कुणी खरं मानत नव्हतं. एका बाजूची नस दुखावली की ती मज्जारज्जूत सतत ओरडत राहते. तिथं डावी आणि उजवी बाजू शेजारी शेजारी असतात. एकीच्या ओरडण्यानं दुसरी जागी होते आणि तिलाही आग लागल्यासारखं वाटतं. नेमकं कसं, हे अजून पुरतं कुणाला उलगडलेलं नाही. पण ते मनाचं नाही आणि रोग पसरलेला नाही. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "जिवाला धोका नाही."

आक्का, पुण्याहून काष्टीपर्यंत मी ते वाक्य पदरात बांधून आणल्यासारखं आणलं. जिवाला धोका नाही. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं न्हाई का?" मी तिलाही सांगितलं असतं.

तू शेळीच्या पिल्लापुढे पाला टाकत होतीस, एका हातानं, अंग न हलवता. मी चपला काढायच्या आधी सांगायला लागले. "बांध फुटलेला नाही. पाणी अलीकडेच आहे. पलीकडे गेलीय ती नुसती ओल. पाण्यानं भरलेल्या वाफ्याच्या शेजारच्या वाफ्याला ओल येते की नाही? तशी. नागीण नाही ती, आक्का. नागीण नव्हतीच कधी."

तू सगळं ऐकलंस. मी सांगत असताना तू कधी मधे बोलली नाहीस, लहानपणापासून नाही. बाबांना तूच म्हणाली होतीस, "सुमीला मामाकडं नगरला धाडा, गुरं मी बघते," आणि सुट्टीत मी आले की एका वाकळेखाली झोपताना म्हणायचीस, "आता सांग काय शिकलीस ते." दाराकडची बाजू तू घ्यायचीस, वारा मला लागू नये म्हणून. मी सांगत राहायचे आणि तू ऐकत. पृथ्वी गोल आहे, चंद्राला स्वतःचा उजेड नाही. सगळं तू खरं मानलंस.

त्या दिवशी मात्र ऐकून झाल्यावर तू म्हणालीस, "ओलीनं बी पीक कुजतंय, सुमे."

मी म्हटलं, "जिवाला धोका नाही, असं ते म्हणाले."

"शाना हाय तुजा डाक्टर. त्याला म्हनाव, धोका न्हाई तर ह्यो जीव ठिवून करायचं काय? उजव्यावर निजता येत न्हाई, डाव्यावर येत न्हाई, पाट टेकता येत न्हाई. बसून बसून किती बसायचं मानसानं?" आणि मग, माझी समजूत काढावी तशा आवाजात, "तुला कळलं त्ये. मला कळ येती. दोन येगळं हाय ते."

यावर मी काय बोलायला हवं होतं, ते अजून शोधते आहे. सकाळी पूजेची फुलं काढताना, भाजी निवडताना उत्तरं सुचतात. वाफ्याला ओल आली तर निचरा काढता येतो. चर खणता येतो. थांबता येतं. पण मी त्या वेळी एवढंच म्हटलं, "माझ्यासाठी गोळी घे." आणि तू घेतलीस. काही दिवस घेतलीस. तोंड कोरडं पडतंय म्हणालीस, पेंग येतीय म्हणालीस, तुझ्या पेंगेत शेळीनं मंदाची मेथी खाल्ली, तेही हसून सांगितलंस. मग पुन्हा बंद.

त्यानंतर मी आले की तू म्हणायचीस, "व्हय, ओल हाय ती. नागीन न्हाई." मला बरं वाटायचं. मी भिंगारला जाऊन नीट जेवायचे. तू तुझी नथ मंदाला दिलीस, तर मी म्हटलं, सुनेचं कौतुक. शेळीचं पिल्लू भिवराबाईला दिलंस, तर मी म्हटलं, होत नाही आता तुला. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर, तर मी म्हटलं, गोळ्यांनी भूक मरते. सगळ्याला माझ्याकडे कारण होतं.

पाडव्याच्या आधी, सकाळी कोवळ्या उन्हात, गोधडीच्या वळकटीला टेकून तू गेलीस. मंदा चहा घेऊन आली तर तांब्या ओट्यावरून खाली पडलेला. गावातले डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. ते मरणाचं कारण लिहितात, ते कुठून आलं ते लिहीत नाहीत. तू दुखण्यानं गेलीस, की न जेवल्यानं, की न झोपल्यानं, की भीतीनं, हे मला कोण सांगणार? भीतीनं माणूस मरतं का, असं पुण्याच्या डॉक्टरांना विचारावंसं वाटतं आणि ते हो म्हणतील म्हणून जात नाही.

कारण तू गेल्यावर मंदानं मला सांगितलं. माझा हात धरून, चुलीपाशी. "मावशी, रागावू नका. तुमी गेला की आत्याबाई म्हनायच्या, 'सुमीला सांगू नको, तिला लई वाईट वाटंल. भेटल्या गं दोगी. तोंड नि शेपटी. मला आतनं कळलंय.'"

म्हणजे मला तू ओल सांगत होतीस आणि तिला नागीण. मग खरं काय मानत होतीस, आक्का? मलाच फसवत होतीस का? की दोन्ही मानत होतीस, मी असले की एक आणि मी नसले की दुसरं? निदान माझ्याशी भांडायचं होतंस. म्हणायचं होतंस, सुमे, तुझा बांध खोटा. मी रोज आले असते. मुक्कामाला राहिले असते. दाराकडची बाजू मी घेतली असती. तू मात्र शेवटपर्यंत मला वारा लागू दिला नाहीस. याचे आभार मानू की तुझ्यावर चिडू, हेही कळत नाही. दोन्ही रोज होतं.

आणि आता तुझं मरण हाच गावाचा पुरावा झाला आहे. उद्या गावात कुणाला नागीण उठली आणि दुसरी बाजू दुखली, तर कौसाबाईचं नाव निघेल. केतकी, रोहन, तुम्ही तरी हे लक्षात ठेवा. साप नव्हता. भाजलेली एक नस होती आणि तिच्या शेजारी एक चांगली नस होती. दोन्हीकडचं दुखणं खरं होतं. तिचं काहीही खोटं नव्हतं.

तुला आंघोळ घालायला ओट्याच्या आड साडी धरली, तेव्हा मी बायांना म्हटलं, बघा. दाजींचा सदरा मी कापला आणि डावी कूस उघडी केली. "बघा सगळ्यांनी. आहे काही? एक तरी डाग दाखवा." त्यांनी वाकून बघितलं. स्वच्छ होती. लहान मुलीची असावी तशी. मग भिवराबाई हळूच म्हणाली, "आतनं गेली आसंल, बाई."

मी वाद घातला नाही. तुझाच तांब्या होता, कोमट पाण्याचा. ते पाणी मी तुझ्या डाव्या कुशीवर ओतलं आणि तिथं तळहात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग उजवीकडे ठेवला. तू अंग चोरलं नाहीस.

"मावशी," मंदा म्हणाली, "पानी निवतंय."

मला ऐकू आलं होतं. पण मी हात तसाच ठेवला. तू म्हणशील असं वाटत होतं, "हात काड, सुमे."